पैसे कोलोसियमच्या प्रवेशाचे, दर्शन मात्र बाहेरूनच

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त असून पुण्यात राहतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये येथीलच एका पर्यटन कंपनीमार्फत बार्सिलोनाहून निघणारी सात रात्रींची क्रूझ केली. दोघांचे मिळून ४,६०,००० रुपये भरले. त्यांत ‘रोम : पूर्ण दिवस, कोलोसियम प्रवेशासह’ या सहलीचे २६,००० रुपये वेगळे दाखवले होते. जहाज वेळेवर बंदराला लागले, पण आठची बस अकराला आली. एक वाजता रोमला पोहोचलो, कोलोसियमसमोर फोटो काढले आणि चारला परत बसमध्ये बसलो. ‘आत नुसत्या पडक्या भिंती आहेत,’ असे टूर मॅनेजरने सांगितले. कंपनी कार्यक्रम बदलण्याच्या अटीवर बोट ठेवते आणि पुढील सहलीसाठी १०,००० रुपयांचे कूपन देऊ करते. सगळे पैसे परत मिळतील का? दावा फक्त मुंबईतच करता येईल, अशीही अट आहे.

उत्तर : सगळे पैसे मिळणार नाहीत आणि ते आपण मागूही नयेत. सात रात्री आपण जहाजावर राहिलात, जेवलात, इतर बंदरेही पाहिलीत; त्यामुळे संपूर्ण परताव्याचा आग्रह धरल्यास आपली रास्त तक्रारही अवाजवी वाटू लागेल. प्रवासात गेलेल्या वेळेचा मुद्दाही फार ताणू नये, कारण क्रूझ जहाजे खुद्द रोमला लागत नाहीत, तर सुमारे ७० किलोमीटरवरील चिव्हितावेक्किया बंदरात लागतात, आणि कार्यक्रमपत्रिकेत ते नाव छापलेले असल्यास कंपनीने काही लपवले, असे म्हणता येत नाही.

आपली बाजू भक्कम आहे ती २६,००० रुपयांपुरती. कार्यक्रमात बदल करणे वेगळे आणि प्रवेशाचे पैसे घेऊन प्रवेशच न देणे वेगळे. ही दुसरी गोष्ट ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरते. कोलोसियमची तिकिटे २०२३ पासून नावानिशी काढावी लागतात आणि त्यांवर प्रवेशाची वेळ असते. तेव्हा कंपनीला पाठवायच्या नोटिशीत पहिली मागणी हीच करा की आम्हा दोघांच्या नावांची तिकिटे दाखवा. ती काढलेलीच नसतील, तर प्रकरण त्रुटीवर न थांबता अनुचित व्यापारी प्रथेपर्यंत, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करण्यापर्यंत जाते, आणि मग बस उशिरा आल्याचा खुलासा कंपनीच्या कामाचा राहत नाही.

मनस्तापाची भरपाई मागता येते, पण आकडा माफक ठेवा. इंग्लंडमध्ये जार्विस नावाच्या गृहस्थांच्या स्वित्झर्लंडमधील सुट्टीचा असाच विचका झाला होता. जाहिरातीतल्या योडेल या तेथील पारंपरिक गायनाच्या रात्री स्थानिक गायक कामाच्या कपड्यांतच आला आणि चार-पाच गाणी भराभर म्हणून निघून गेला. तेथील अपील न्यायालयाने १९७२ मध्ये ६३ पौंडांच्या सहलीसाठी १२५ पौंड भरपाई दिली. तो निकाल आपल्याकडील ग्राहक आयोगावर बंधनकारक नाही, तथापि सुट्टीच्या करारात आनंदाचे आश्वासनही असते हे त्यातील तत्त्व युक्तिवादात उपयोगी पडेल.

मुंबईच्या अटीची चिंता नको. याच कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि कायद्याने दिलेला हा पर्याय छापील अटीने सहजासहजी काढून घेता येत नाही. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. पावती, कार्यक्रमपत्रिका आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरील संदेश जपून ठेवा. बस अकराला आल्याचे सहप्रवाशांनी त्याच वेळी लिहिले असेल, तर ते फार मोलाचे आहे. मात्र ते संदेश दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या खरेपणाचे प्रमाणपत्र सोबत जोडावे.

नोटीस स्पीड पोस्टने पाठवून १५ दिवसांची मुदत द्या आणि तोवर कूपन स्वीकारू नका. अशा कूपनासोबत बहुधा एक छोटासा कागद सहीसाठी येतो, त्यात ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असे वाक्य असते.