‘सीनियर’च्या पोटातला ‘ईयस्’

एका वाचकाने बढतीच्या अर्जात ‘आय ॲम सीनियर दॅन हिम, बट माय सॅलरी इज लेस दॅन हिम’ असे वाक्य लिहिले. साहेबांनी लाल शाईने पहिल्या ‘दॅन’चा ‘टू’ केला, शेवटच्या ‘हिम’चा ‘हिज’ केला आणि कारण न सांगताच अर्ज परत पाठवला. या दोन्ही दुरुस्त्या योग्य आहेत का, आणि असल्यास का, असा त्यांचा प्रश्न आहे.

दोन्ही योग्य आहेत. ‘सीनियर दॅन’ हा प्रयोग मी बँकेत, शाळेच्या स्टाफरूममध्ये आणि लग्नाच्या पंगतीतही इतक्या वेळा ऐकला आहे की आता घास अडकत नाही. पण त्याहून अधिक संताप येतो तो परीक्षेच्या मार्गदर्शकांचा. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर ही नावे एका चौकटीत हजेरीपटासारखी मांडायची आणि ‘यांच्यापुढे टू येते, पाठ करा’ असे खाली छापायचे, एवढ्यावर त्यांचे व्याकरण संपते. त्यातल्या त्यात धीट लेखक ‘हे शब्द लॅटिन आहेत म्हणून’ अशी पुस्ती जोडतो. ही पुस्ती अर्धीच खरी आहे, आणि तिची उरलेली बाजू दाखवायची तर वाट पाणिनीवरून जाते.

‘तर’ आणि ‘तम’ आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात, परंतु संस्कृतात तुलनेची आणखी एक जोडी आहे, ती म्हणजे ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात, तिसऱ्या पादात, पाणिनीने दोघांमधील तुलनेसाठी ‘तर’ व ‘ईयस्’ आणि सर्वांत अधिक अशा अर्थी ‘तम’ व ‘इष्ठ’ हे प्रत्यय सांगितले आहेत. ज्याच्याशी तुलना करायची त्याला पंचमी लागते; ‘अणोरणीयान्’ मधले ‘अणोः’ हे पंचमीचेच रूप आहे. सीनियर, ज्युनियर आणि त्यांच्या भावंडांच्या शेवटी जो लॅटिन ‘इओर’ दिसतो तो या ‘ईयस्’चाच सख्खा भाऊ आहे, मूळचा ‘स’ दोन स्वरांमध्ये सापडला की लॅटिनमध्ये त्याचा ‘र’ होतो, एवढाच काय तो फरक. ‘सीनियर’च्या मुळाशी असलेल्या ‘सेनेक्स’ या शब्दाचा अर्थ म्हातारा असा आहे आणि त्याचा संस्कृत नातेवाईक म्हणजे ‘सन’, अर्थात जुना, जो आपल्या ‘सनातन’मध्ये अजून सुखाने नांदतो आहे. ‘ज्युनियर’ची गंमत तर याहून मोठी आहे, कारण लॅटिनमध्ये ‘युवेनिस’पासून ‘युनिओर’ झाला आणि संस्कृतात ‘युवन्’पासून ‘यवीयस्’. धातू तोच, प्रत्यय तोच आणि अर्थही तोच, म्हणजे अधिक तरुण. कॉलेजातल्या ज्युनियरला ‘यवीयान्’ अशी हाक मारली तर व्युत्पत्तीच्या दृष्टीने काहीही चुकणार नाही.

इंग्रजीचा स्वतःचा ‘अर’ आणि ‘एस्ट’ हेही याच घराण्यातले आहेत. ‘स्वीटेस्ट’ आणि ‘स्वादिष्ठ’ शेजारी शेजारी ठेवून पाहा. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलाची सुरुवात ‘स्वादिष्ठया’ या शब्दाने होते आणि तेथे त्याचा अर्थ निव्वळ चवदार असा नसून सर्वांत गोड असा आहे. मुलांना रडवणारी ‘गुड, बेटर, बेस्ट’ ही ओळसुद्धा परकी नाही, कारण पाणिनीनेही ‘प्रशस्य’ शब्दाच्या जागी ‘श्र’ हा आदेश, म्हणजे बदली रूप, सांगून ‘श्रेयस्’ आणि ‘श्रेष्ठ’ ही रूपे सिद्ध केली आहेत.

आता पुस्तीकडे वळतो. लॅटिनमध्ये अशा शब्दांबरोबर आपल्या पंचमीसारखी विभक्ती येते किंवा ‘क्वाम’ हा ‘दॅन’च्या अर्थाचा शब्द येतो. ‘टू’च्या अर्थाचा शब्द तेथे तुलनेसाठी वापरतच नाहीत. म्हणून ‘लॅटिन शब्द, म्हणून टू’ हे कारण टिकत नाही. माझे मत असे आहे की इंग्रजी भाषकांच्या कानाला ‘इओर’ हा तुलनेचा प्रत्यय आहे हे जाणवलेच नाही. त्यांनी ‘सीनियर’ला ‘ईक्वल’ आणि ‘नेक्स्ट’ यांच्या रांगेत साधे विशेषण म्हणून बसवले आणि त्या रांगेतला ‘टू’ त्याला दिला. ‘एक्स्टीरियर’, ‘इंटीरियर’ आणि ‘मेजर’ यांची तुलना तर इतकी पुसली गेली आहे की त्यांच्यापुढे तुलनेचा ‘टू’ही उरला नाही. आपणही वेगळे काय केले? ‘ज्येष्ठ’ म्हणजे सर्वांत वडील. तरीही आपण ‘तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ज्येष्ठ आहे’ असे बेधडक म्हणतो, ‘सर्वश्रेष्ठ’ पुरस्कार देतो, ‘अतिस्वादिष्ट’ अशी पाटी रंगवतो, आणि कोणी लाल शाई काढत नाही.

हे मान्य केले की मार्गदर्शकांचा आणखी एक हुकूम कोसळतो. ‘मोअर सीनियर दॅन’ हे त्यांच्या मते घोर पाप आहे. प्रत्यक्षात आजच्या इंग्रजीत ते रूढ व निर्दोष आहे, कारण ‘सीनियर’ साधे विशेषण ठरल्यावर त्याला ‘मोअर’ लागायला कोणाची हरकत असणार? नुसते ‘सीनियर दॅन’ मात्र चालत नाही, कारण ‘दॅन’ला अडकायला ‘अर’, ‘मोअर’ किंवा ‘लेस’ अशी काहीतरी खुंटी लागते, आणि ती तेथे नाही.

‘दॅन’ आणि ‘देन’ हे मुळात एकच शब्द होते आणि त्यांची स्पेलिंगे सुमारे १७०० पर्यंत नीट वेगळी झाली नव्हती. ‘ही इज टॉलर दॅन आय’ याचा मूळ भाव ‘तो उंच, मग मी’ असा असावा, ही उपपत्ती मला फार आवडते. शेक्सपियरचे ‘ज्युलियस सीझर’ १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या एकत्रित छापील ग्रंथात, पाहिले तर ‘सीझर इज मोअर डेंजरस दॅन ही’ या ओळीत छापलेले स्पेलिंग ‘देन’चेच आहे. त्याच नाटकात पहिल्या अंकात कॅशियस ‘नो मायटियर दॅन दायसेल्फ ऑर मी’ म्हणतो, म्हणजे एकीकडे कर्त्याचे रूप ‘ही’ आणि दुसरीकडे कर्माचे रूप ‘मी’. शिवाय तिसऱ्या अंकात अँटनी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ असा दुहेरी प्रयोग करतो, तो आज कोणी अनुकरणासाठी घेऊ नये. रॉबर्ट लौथ या धर्मोपदेशकाने १७६२ च्या आपल्या व्याकरणात, ‘दॅन’नंतरच्या सर्वनामाची विभक्ती अध्याहृत, म्हणजे न उच्चारलेल्या, क्रियापदाने ठरते असा दंडक घातला आणि लगेच ‘दॅन हूम’ला सवलतही दिली, आणि त्यासाठी उदाहरण कवी मिल्टनचे दिले. ऑक्सिजनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते जोसेफ प्रीस्टली व्याकरणकारही होते आणि ‘दॅन’ला शब्दयोगी मानून ‘दॅन मी’ स्वीकारायला तयार होते. माझे मत रसायनशास्त्रज्ञाच्या बाजूने आहे. मात्र ‘शी लाइक्स यू मोअर दॅन मी’ यासारख्या वाक्यात दोन अर्थ निघत असतील तर जो अर्थ हवा त्याप्रमाणे ‘दॅन आय डू’ किंवा ‘दॅन शी लाइक्स मी’ असे पूर्ण लिहावे आणि भांडण मिटवावे.

‘हिम’चा ‘हिज’ का झाला हे सांगायचे राहूनच जात होते. पगाराची तुलना पगाराशी व्हावी, माणसाशी नव्हे, एवढेच त्याचे कारण. पण ही चूक मराठी माणसाच्या हातून का होते ते पाहण्यासारखे आहे. आपण ‘माझा पगार त्याच्यापेक्षा कमी आहे’ असे म्हणतो तेव्हा ‘पेक्षा’ला जोडताना सर्वनामाचे ‘त्याच्या’ असे षष्ठीचे रूप होते, त्यामुळे ‘त्याच्या पगारापेक्षा’ हा अर्थ आपोआप ऐकू येतो आणि काही गळाले आहे असे वाटतच नाही. इंग्रजी ‘हिम’मध्ये असा आडोसा नाही. नामाच्या बाबतीत आपलीही पंचाईत होते; ‘पुण्याची हवा मुंबईपेक्षा बरी’ यात हवेची तुलना शहराशी होते, तरी ‘पेक्षा’ हा ‘अपेक्षा’चाच अवशेष असल्याने, म्हणजे मुंबईकडे पाहता पुण्याची हवा बरी असा भाव असल्याने, मराठीत ते खपून जाते. इंग्रजीत तेथे ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’ किंवा निदान ‘दॅन मुंबईज’ असे लिहावे लागते.

अर्ज पुन्हा पाठवताना ‘लेस’ खोडून ‘लोअर’ करावे, कारण पगाराबाबत ‘लोअर’ अधिक नेटके दिसते. साहेबांची लाल शाई तेथवर पोहोचलेली नाही.