भांडण किती वाजता होतं?

"मॅडम, मी नोकरी सोडून देऊ का?"

नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ताई अजून नीट टेकल्याही नव्हत्या, तोच त्यांनी हे विचारलं. असा प्रश्न माझ्याकडे बहुतेक दर आठवड्याला येतो. काम येतं, पगार वेळेवर होतो, पण ऑफिसात एक माणूस असा असतो की सकाळी डबा भरताना त्याची आठवण आली तरी पोटात गोळा येतो. बोललं तर तमाशा होतो. गप्प बसलं तर रात्री अंथरुणात तेच संवाद पुन्हा चालू. ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव लिहीत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

ताई बुटीबोरीकडच्या एका गोडाऊनमध्ये बिलिंगला आहेत, नऊ वर्षं झाली. नागपूर देशाच्या मध्यावर, त्यामुळे इथून माल चारही दिशांना जातो. जीएसटी आल्यावर तर वर्धा रोडला गोडाऊनच गोडाऊन झाली. त्यांचा वाद होता डिस्पॅच बघणाऱ्या सुपरवायझरशी. "मुद्दाम करून राहिला तो माणूस. ड्रायव्हर लोकांसमोर म्हणते, या बाईले घरी जायचीच घाई असते. रोज रोज काहून ऐकून घ्यायचं मी?" बोलता बोलता त्यांचा गळा भरून आला.

पहिल्या दोन भेटींत मी त्यांच्या रागावर काम केलं. सावकाश श्वास घ्यायचा, उत्तर देण्याआधी पाणी प्यायचं, जागेवरून उठून दोन मिनिटं बाहेर जायचं. या गोष्टी खोट्या नाहीत, अनेकांना उपयोगी पडतात. पण तिसऱ्या भेटीत ताई म्हणाल्या, "श्वास घेते मॅडम, पण गाडी तिथंच उभी असते." त्या वाक्याने माझे डोळे उघडले. मी त्यांच्या मनात शोधत होते, आणि दुखणं गोडाऊनच्या गेटवर होतं.

मग त्यांना एक साधी वही करायला सांगितली. खटका उडाला की तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते, त्या क्षणी हातात कोणतं काम होतं, आणि समोरच्याने नेमके कोणते शब्द वापरले. 'उद्धट बोलला' असं लिहायचं नाही, जे बोलला तेच लिहायचं. दोन आठवडे.

वहीत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या नऊ संध्याकाळी सहा ते पावणेसातच्या मधल्या. शनिवारी माल कमी असतो, दोन्ही शनिवारी एकही नोंद नाही. आणि घरी जायच्या घाईचं जे वाक्य सुपरवायझर रोज म्हणतो असं ताईंना वाटत होतं, ते दोन आठवड्यांत दोनदाच आलं होतं. दोनदाही ते चुकीचंच. पण ताई त्या पानाकडे बराच वेळ बघत बसल्या.

आपण सगळेच असं करतो. माझ्याकडून उशीर झाला तर कारण परिस्थितीत असतं, माल आला नव्हता, नेट बंद होतं. समोरच्याचा आवाज चढला तर कारण त्याच्या स्वभावात असतं, तो आहेच तसा. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दुसऱ्याला जोखतानाच्या या चुकीला नाव दिलं. ऑफिसातल्या भांडणात ती चूक दोन्ही टेबलांवर एकाच वेळी होत असते.

तर मग सहा ते पावणेसातमध्ये घडत काय होतं? पन्नास हजारांवरचा माल परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल लागतं, म्हणजे सरकारी पोर्टलवर काढायचा माल-वाहतुकीचा कागद. त्याचे दोन भाग. भाग अ मध्ये मालाचा आणि बिलाचा तपशील, भाग ब मध्ये गाडीचा नंबर. नंबर भरला की मुदतीचं घड्याळ सुरू होतं, मालाच्या साध्या ट्रकला दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. गाडी आवारातच अडकली तर दिवस वाया जातो, आणि मुदत संपलेलं बिल घेऊन रस्त्यात गाडी पकडली गेली तर दंड बसतो. म्हणून लोडिंग स्लिप हातात आल्याशिवाय ताई कशालाच हात लावत नसत. माल भरता भरता नग कमी-जास्त होत, म्हणून स्लिप यायला साडेसहा वाजत. स्टाफची बस सुटायची पावणेसातला. ती चुकली की शेअर ऑटोने खापरीपर्यंत यायचं, तिथून मेट्रो. घरी दहावीतली मुलगी एकटी. आणि गाडी उभी राहिली की हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचं भाडं, लागायचं, त्याचा जाब सुपरवायझरला द्यावा लागायचा. पंधरा मिनिटांच्या चिंचोळ्या बोळात दोन माणसांना रोज समोरासमोर उभं केलं होतं. ती दोघं भांडली नसती तरच मला नवल वाटलं असतं.

मालकांनी आधी एक मधला मार्ग काढून दिला होता. तीन दिवस ताईंनी थांबायचं, तीन दिवस गाडीने. म्हणजे दोघांनीही आळीपाळीने हरायचं. मी ताईंना मेरी पार्कर फॉलेट यांचा किस्सा सांगितला. या अमेरिकन विचारवंत बाईंनी १९२५ मध्ये एका व्याख्यानात तो सांगितला होता. हार्वर्डच्या ग्रंथालयातली एक छोटी खोली. तिथं एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. अर्धी उघडी ठेवली असती तर दोघंही नाराज झाले असते. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. एकाला मोकळी हवा मिळाली, दुसरीच्या अंगावर वारा आला नाही. ताई लगेच म्हणाल्या, "आमच्यात कूलरवरून हेच होते दर मे महिन्यात."

आता बोलायचं होतं. कुठे बोलायचं, ते आधी ठरवलं: आवारात नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर नाहीच, सकाळी दहाच्या चहाला. पहिलं वाक्य काय, यावर मात्र आमचा एक अख्खा तास गेला. मी सुचवलं, "गाडी उभी राहिली की हॉल्टिंगचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं ना?" ताई भडकल्या. "अपमान माझा झाला, अन् त्याचं मीच आधी ऐकून घेऊ?"

त्यांचा राग रास्त होता. ऐकून घेणं म्हणजे कबुली देणं नव्हे, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. त्याची अडचण तुम्ही तुमच्या तोंडाने नीट मांडलीत, तर त्याला ती ओरडून सांगायची गरज उरत नाही. आणि अपमानाचा मुद्दा आम्ही सोडला नाही. कामाच्या गोष्टीत तो मिसळायचा नाही, वेगळा आणि स्पष्ट बोलायचा, असं ठरलं: "ड्रायव्हर लोकांसमोर माझ्या घराबद्दल बोललेलं मला चालणार नाही. ते बंद करा."

चहाला तो माणूस आधी गप्पच बसला. मग म्हणाला, "मले वाटे, तुमी मुद्दाम लटकवता." दोघंही एकमेकांबद्दल तोच शब्द मनात घेऊन फिरत होते. पुढचं दोघांनी मिळून काढलं, माझा त्यात हात नाही. मोजणी गाडीत माल भरताना न करता, रॅकवरून माल काढतानाच करायची, चारपर्यंत सही. पाचपर्यंत बिल आणि भाग अ तयार. पोर्टलवर सुपरवायझरला वेगळं लॉगिन काढून दिलं, गाडी निघायच्या वेळी नंबर तोच भरतो. ड्रायव्हरांसमोरच्या बोलण्याबद्दल त्याने माफी मागितली नाही, नुसती मान हलवली. पण तसं बोलणं थांबलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. प्रत्येक त्रास चहावर मिटवायचा नसतो. वहीत लगट, अश्लील बोलणं, अंगचटीला येणं अशा नोंदी निघाल्या असत्या, तर मी ताईंना त्या माणसासमोर बसवलंच नसतं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार लेखी द्यायची, तीन महिन्यांच्या आत. जिथे समिती नाही किंवा तक्रारच मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. जातीवरून केलेला अपमान हाही 'गैरसमज' नसतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि दीक्षाभूमीच्या या शहरात कुणालाही तो गिळून बसायला मी सांगणार नाही. तारीख, वेळ आणि शब्द लिहिलेली वही अशा वेळीही कामाला येते. आणि त्रासाने झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. त्यावर मराठीत बोलता येतं.

ताई मार्चअखेरीनंतर पुन्हा भेटल्या. त्या धामधुमीत एकदा स्लिप साडेसहालाच आली होती, आणि त्याचा आवाजही चढला होता. त्यांनी पर्स उचलली, "उद्या सकाळी दहाला बोलू," एवढंच म्हणाल्या आणि बस गाठली. दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना तो मोजणीचं रजिस्टर घेऊन त्यांच्या टेबलापाशी उभा होता.