‘तुमीच पाहून लावून द्या’ : दुकानदाराने निवडलेली बॅटरी बसली तर?

प्रश्न : वकीलसाहेब, मी राळेगाव तालुक्यातला. गावातलं दूध गोळा करून मोटारसायकलवर डेअरीला नेतो. गाडी 2021 ची, सेल्फवाली, फ्युएल इंजेक्शनची. दिवाळीच्या आठवड्यात बॅटरी गेली म्हणून हिंगणघाटला एका दुकानात गेलो. ‘कोनती देऊ?’ असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, ‘मले का समजते त्यातलं, तुमीच पाहून लावून द्या.’ त्यानं आधी 1,350 रुपये फोनवरून घेतले, खोक्यातलं अॅसिड बॅटरीत ओतलं, लावून दिली आणि जुनी ठेवून घेतली. बिल दिलं नाही. वॉरंटी कार्ड दिलं, पण कोरं. पाच महिन्यांत सेल्फ नुसता टकटक करायला लागला, मग गाडी बंदच. आमच्या मेकॅनिकनं पॅनल काढून दाखवलं, बॅटरीच्या बाजूनं थर्माकोल खोचलेला. बॅटरी अडीचची आहे, गाडीला पाचची लागते म्हणे. दुकानदार म्हणतो, तुमच्या गाडीचं चार्जिंगच खराब आहे, वरून मोठा हॉर्न लावला, अन् बिल नाही त काही होत नाही. पोलिसात फसवणुकीची तक्रार करू का? आणि नवी घेताना ही दिली तर दोनशे रुपये कमी होतात, देऊन टाकू का?

उत्तर : भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण उशीर झाला तर बाकीचं सगळं वाया जाईल. ती बॅटरी कोणालाही देऊ नका. दोनशे रुपये जाऊ द्या. तुमच्याकडे बिल नाही, कार्ड कोरं आहे, गाडीची मूळ बॅटरी दुकानदारानं ठेवून घेतली. उरला एकच पुरावा आणि तोही तुम्ही भंगारात घालायला निघालात. माझ्याकडे दरवर्षी एखादा तरी पक्षकार येतो, ज्याने भांडणाची वस्तूच सवलतीत परत करून टाकलेली असते. मग मी नुसता चहा पाजू शकतो.

काढण्याआधी ती आहे तशी, थर्माकोलसकट, गाडीतच फोटोत घ्या. एक फोटो लांबून, नंबर प्लेट दिसेल असा. एक जवळून, लेबलवरचे व्होल्ट, अँपिअर-अवर (बॅटरीची साठवण, अडीच नि पाच हे त्याचेच आकडे) आणि सिरियल नंबर वाचता येतील असा. थर्माकोलचा तुकडाही फेकू नका, पिशवीत घालून ठेवा. मेकॅनिककडून साध्या कागदावर तारीख टाकून लिहून घ्या की अमुक नंबरच्या गाडीत अमुक सिरियलची 12 व्होल्ट, 2.5 अँपिअर-अवरची बॅटरी मिळाली आणि जागा भरायला थर्माकोल लावलेला होता. खाली त्याची सही. दुकानदार ‘ठेवून जा, कंपनीकडे पाठवतो’ म्हणाला, तर सिरियल नंबर लिहिलेली पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. काढलेली बॅटरी घरात उभीच ठेवा, आत अॅसिड आहे, लेकरांचा हात पोचणार नाही अशी.

आता मुद्द्यावर येतो. काउंटरवर तुम्ही जे बोललात, ‘मले का समजते त्यातलं, तुमीच पाहून लावून द्या’, ते वाक्य या प्रकरणात तुमच्या खूप कामाचं आहे. वस्तुविक्री कायदा 1930 सालचा आहे. त्याच्या कलम 16 मध्ये असं आहे की वस्तू कशासाठी हवी हे ग्राहकाने सांगितलं, विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबून घेतली आणि तो विक्रेता त्याच मालाचा धंदा करत असेल, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असेल ही अट न लिहिताही त्या व्यवहारात असते. तुमची गाडी दुकानासमोर उभी होती, म्हणजे वस्तू कशासाठी हवी हे वेगळं सांगायचीही गरज नव्हती. याच कलमात विक्रेत्याला एक पळवाटही ठेवलेली आहे. ग्राहकाने स्वतःच एखाद्या नावाची ठरावीक वस्तू मागितली, तर ही अट लागू होत नाही. ‘अमुक कंपनीची अडीचचीच द्या’ असं तुम्ही म्हणाला असता, तर मी आज वेगळं पत्र लिहिलं असतं. म्हणून तक्रारीत हा संवाद तुमच्याच शब्दांत, वऱ्हाडीतच लिहा. तेव्हा सोबत कोणी असेल तर त्याचं शपथपत्र जोडा.

यातून माझा खरा सल्ला निघतो. ‘बॅटरी सदोष निघाली’ अशी तक्रार करू नका. ‘दुकानदाराने चुकीची बॅटरी निवडली आणि चुकीची बसवली’ अशी करा. सदोष म्हटलं की बनवणारी कंपनी मध्ये येते. ग्राहक आयोग माल प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते, आणि कंपनीचा माणूस म्हणेल की आमची बॅटरी चांगलीच होती, पण ती या गाडीसाठी नव्हतीच. आणि त्याचं खरंही असेल! चुकीच्या निवडीला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. गाडीच्या मॅन्युअलमधलं तपशिलाचं पान आणि बॅटरीचं लेबल शेजारी ठेवलं की झालं. मॅन्युअल हरवलं असेल तर शोरूमकडून तुमच्या मॉडेलच्या बॅटरीचा आकडा लेखी मागा. दोन्ही बॅटऱ्या 12 व्होल्टच्याच असतात, म्हणून सुरुवातीला गाडी चालते आणि ग्राहकाला संशय येत नाही. पण पाचच्या जागी अडीच म्हणजे साठवण निम्मी. सेल्फ तेवढाच करंट ओढतो, आणि तुमच्या गाडीत पेट्रोलचा पंप नि इंजेक्शनचा मेंदूही बॅटरीच्याच जिवावर चालतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आणि बांधावर उन्हात उभी गाडी.

तुम्ही दोन स्क्रीनशॉट पाठवलेत. पहिला दुकानदाराला दिलेल्या 1,350 रुपयांचा, वेळ सकाळी 11:42. दुसरा बहुधा चुकून आला असावा, वडनेरजवळच्या पंपावर पेट्रोल भरल्याचा. त्याच दिवशी, 12:24. हा दुसरा मला पहिल्यापेक्षा जास्त आवडला. दुकानात अॅसिड ओतून द्यायची बॅटरी भरल्यावर साधारण अर्धा तास तरी निवू द्यायची असते आणि मग क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याच्या करंटवर, म्हणजे पाचची असेल तर अर्ध्या अँपिअरवर, काही तास चार्ज करून मगच बसवायची असते. तसं न केलेली बॅटरी पुढे कधी पुरती भरत नाही आणि लवकर दम सोडते. पैसे घेतल्यापासून 42 मिनिटांत तुम्ही वडनेरला होतात. म्हणजे ती चार्ज झालीच नाही, हे तुमचा फोनच सांगतो. खोक्यात सूचनांचा कागद असेल तर तो शोधा आणि जोडा. चुकीची निवड आणि चार्ज न करता बसवणं, दोन्ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येतात.

बिल नाही म्हणून काही होत नाही, हे दुकानदाराचं म्हणणं उलटं त्याच्याच अंगावर येतं. बिल न देणं हीच या कायद्याच्या कलम 2(47) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवाय जीएसटीची नोंदणी असेल तर 200 रुपयांच्या वरच्या विक्रीला बिल द्यावंच लागतं. फोनवरच्या पेमेंटची नोंद बँकेच्या स्टेटमेंटमध्येही असते. बँकेतून शिक्क्याची प्रत घ्या, स्क्रीनशॉटपेक्षा ती बरी.

चार्जिंगच्या आरोपाला मात्र हसू नका. तो खरा असू शकतो. नवी बॅटरी बसल्यावर इंजिन चालू ठेवून, रेस देऊन टर्मिनलवर मीटर लावायला सांगा. साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक आहे, आणि तो आकडा मेकॅनिकच्या कागदावर चढवा. पंधराच्या वर जात असेल तर चार्जिंगचा करंट आवरणारा रेक्टिफायर खराब आहे. तो आधी बदला, नाहीतर नवी बॅटरीही जाईल, आणि तुमची बाजू थोडी लंगडी होईल हेही समजून घ्या. हॉर्नचं लपवू नका. दाबेल तेव्हाच तो करंट खातो, त्याने पाच महिन्यांत बॅटरी मरत नाही. पण लपवलेली गोष्ट समोरच्याने काढली की खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. (तो हॉर्न काढून टाका हे मी वकील म्हणून नाही, रस्त्यावरून चालणारा माणूस म्हणून सांगतो.)

आणखी एक आक्षेप नक्की येईल, की तुम्ही गाडी धंद्याला वापरता म्हणून ग्राहकच नाही. घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू वापरणारा माणूस ग्राहकच आहे, असं ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(7) चं स्पष्टीकरण सांगतं. दूध तुम्हीच नेता, माणसं ठेवलेली नाहीत, हे एका ओळीत लिहा.

पोलिसात जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधल्या फसवणुकीला सुरुवातीपासूनचा खोटा हेतू दाखवावा लागतो. दुकानात पाचची नव्हती, म्हणून अडीचची खोचली, ही बेपर्वाई झाली. ठाण्यात तुम्हाला दोन चकरा मारायला लावून दिवाणी स्वरूपाचं आहे म्हणून परत पाठवतील.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फुकट आहे आणि एवढ्या रकमेची पुष्कळ भांडणं तिथेच मिटतात. सोबत दुकानदाराला स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी, एक पानी नोटीस पाठवा. तीत तारीख, रक्कम, सिरियल नंबर, पाचच्या जागी अडीच, आणि पंधरा दिवसांत पैसे किंवा योग्य बॅटरी व बिल द्या, एवढंच असू द्या. शिव्या नकोत, ‘कोर्टात खेचीन’ नको.

नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दुकान वर्धा जिल्ह्यात आहे म्हणून तिकडे जायची गरज नाही. तुम्ही राहता त्या ठिकाणी, म्हणजे यवतमाळच्या आयोगात तक्रार करता येते, ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 34 तसं म्हणतं. कार्डावर ‘वाद अमुक गावच्या कोर्टातच’ अशी ओळ छापलेली असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि व्हिडिओवर सुनावणी मागता येते. मुदत दोन वर्षांची. ती खरेदीच्या तारखेपासून धरून चला, म्हणजे वाद नको. तीन महिन्यांत निकाल असं कायदा म्हणतो. तुम्ही त्याहून जास्त वेळ धरून ठेवा.

मागणी मापात करा. 1,350 रुपये, गाडी बंद पडली त्या दिवसांचं ऑटोचं भाडं किंवा डेअरीच्या वहीत दिसणारा दुधाचा खाडा, आणि त्रास व खर्चापोटी काही हजार. अशाच एका बॅटरीसाठी दोन लाख मागणारी तक्रार मी पाहिली आहे. ती वाचतानाच अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला होता.

गाडीविना तुमचं दूध थांबेल, म्हणून नवी बॅटरी आजच घ्या, खटल्यासाठी थांबू नका. या वेळी मात्र मॅन्युअलचं पान खिशात घेऊन जा. अँपिअर-अवर तोच, प्लसचा टर्मिनल त्याच बाजूला, लेबलवरचा उत्पादनाचा महिना जवळचा, चार्ज करून, बसवताना आधी प्लस मग मायनस (काढताना आधी मायनस). बिलावर गाडीचा नंबर आणि बॅटरीचा सिरियल नंबर लिहून घ्या, कार्डावर शिक्का आणि तारीख. ते बिलही तक्रारीला जोडायचं आहे, त्याची झेरॉक्स मला पाठवा. जुन्या बॅटरीचे दोनशे निकाल लागल्यावरही मिळतील.