‘बाराव्या वर्षापर्यंत ग्रँडमास्टर झाला नाही, तर उशीर झाला का?’

अकरा वर्षं तीन महिन्यांच्या मुलाला घेऊन आई-बाबा समुपदेशनाला आले, तेव्हा बाबांच्या हातात एक वही होती. पहिल्याच पानावर ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताब आपापल्या काळी सर्वांत लहान वयात मिळवणाऱ्यांची यादी. बॉबी फिशर, १९५८, पंधरा वर्षं सहा महिने. युदित पोल्गार, १९९१, पंधरा वर्षं चार महिने. कार्याकिन, २००२, बारा वर्षं सात महिने. अभिमन्यू मिश्रा, २०२१, बारा वर्षं चार महिने. त्याखाली मुलाचं रेटिंग, म्हणजे स्पर्धांतल्या निकालांवरून ठरणारा गुणांक, १५९०, आणि मिश्राच्या वयापर्यंतचा हिशेब लाल शाईत: ‘१३ महिने उरले’.

गेले काही महिने फेरीच्या दिवशी सकाळी मुलाचं पोट दुखायचं. तपासण्यांत काही निघालं नव्हतं. बाबांचा प्रश्न असा: फिशरसारख्याला जे पंधराव्या वर्षी जमलं, ते आजची मुलं बाराव्या वर्षी करतात, म्हणजे आजची मुलं फिशरपेक्षा भारी आहेत, मग आपला मुलगा कुठे कमी पडतो?

हा प्रश्न बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या घरांत फार ऐकू येतो. त्यातली गफलत उलगडल्याशिवाय ‘काळजी करू नका’ म्हणण्यात अर्थ नसतो, म्हणून आधी ती यादीच नीट वाचली.

किताब मिळाल्याचं वय ही ताकदीची मोजपट्टी नाही, आणि याचा पुरावा यादीतच आहे. जानेवारी १९८९ च्या यादीत युदित पोल्गारचं रेटिंग २५५५ होतं. वय बारा, आणि जगातल्या पहिल्या शंभरांत! ग्रँडमास्टर मात्र ती १९९१ च्या डिसेंबरमध्ये झाली. फिशरला किताब मिळाला तो पोर्तोरोझच्या इंटरझोनल या पात्रता स्पर्धेतून कँडिडेट्ससाठी, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेसाठी, पात्र ठरल्यामुळे. तशी संधी वर्षानुवर्षं येत नसे. आज रेटिंग एकदा २५०० ला पोचावं लागतं आणि किमान २७ डावांत मिळून साधारण तीन नॉर्म, म्हणजे किताबाच्या तोडीच्या स्पर्धा, लागतात, प्रत्येकी २६०० च्या कामगिरीचे. त्यासाठीच बेतलेल्या स्पर्धा भरतात. मिश्रा बुडापेस्टला महिनोन्‌महिने राहून त्या खेळला. त्याची मेहनत खरीच आहे, पण असा रस्ता १९५८ साली नव्हता. कार्याकिनचा विक्रम गुकेशला सतरा दिवसांनी हुकला, आणि जगज्जेता झाला तो गुकेश, २०२४ मध्ये. विश्वनाथन आनंद तर अठराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला.

‘मग रेटिंगच लावून बघू,’ बाबा म्हणाले. तेही जमत नाही. रेटिंग सांगतं ते एवढंच, की त्याच काळात, त्याच गटात खेळणाऱ्या दोघांपैकी कोण किती गुण मिळवेल. १०० चा फरक म्हणजे साधारण ६४ टक्के गुण, २०० चा म्हणजे ७६ टक्के. फिशर १९७२ मध्ये २७८५ होता, दुसऱ्या क्रमांकावरचा स्पास्की २६६०. जगज्जेता कार्लसन २०१४ मध्ये २८८२ ला पोचला. यावरून कार्लसन फिशरला किती गुणांनी हरवेल हे निघत नाही, कारण ते दोघं एका गटात कधी खेळलेच नाहीत. फार तर इतकं म्हणता येतं, की फिशर आपल्या काळातल्या दुसऱ्या क्रमांकापासून १२५ ने पुढे होता, आणि कार्लसनचं तेव्हाचं अंतर १०० च्या आत होतं.

यानंतर वहीतलं शेवटचं पान उघडलं. मुलाचं रेटिंग फेब्रुवारी २०२४ मध्ये १३५०, मार्चमध्ये १६१०, आणि आता १५९०. ‘एका महिन्यात २६० ची झेप घेतली आणि मग ठप्प,’ असा शेरा. पण त्या मार्चमध्ये जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेने २००० च्या खालची सगळी रेटिंग नियमाने वर नेली: २००० पासून जितकं अंतर, त्याच्या चार दशांश गुण जादा. १३५० ला ६५० कमी, त्याचे चार दशांश २६०. झेप नव्हतीच, म्हणून थांबणंही नव्हतं. बाबा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. दोन महिन्यांतले आकडे सरळ जोडता येत नसतील, तर साठ वर्षांपूर्वीचे कसे जोडणार?

इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा संगणक प्रोग्रॅम, लावून जुने डाव तपासता येतात, आणि काळापलीकडची तुलना थोडीफार होते ती तिथेच. २००६ साली स्लोव्हेनियातल्या दोन संशोधकांनी जगज्जेत्यांचे डाव असे तपासले, तेव्हा कापाब्लांका सर्वांत कमी चुकणारा निघाला. पण त्याच्या डावांतल्या स्थितीही तुलनेने सोप्या होत्या. घरी करताना आणखी चुका होतात. पाठ केलेल्या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, चाली मोजल्या की आजच्या मुलाची अचूकता उगाच फुगते. जिंकून झालेल्या स्थितीतल्या चाली धरल्या की पुन्हा तेच. फिशरच्या काळी तर डाव तहकूब होऊन रात्रभर अभ्यासला जाई. तहकुबीनंतरच्या चाली पटावर सुचलेल्या असतीलच असं नाही.

मुलगा इतका वेळ गप्प होता. त्याच्यासमोर १९५६ चा डोनाल्ड बर्नविरुद्धचा डाव मांडला. काळ्याकडून तेरा वर्षांचा फिशर, सतरावी चाल काळ्याची, वजीर माऱ्यात. ‘वीस मिनिटं घे, काय दिसतं ते लिही.’ त्याने आधी वजीर वाचवणाऱ्या चाली लिहिल्या आणि खोडल्या. चौदाव्या मिनिटाला उंट ई-६ वर ठेवला. ‘पांढऱ्याने हा उंट मारला तर वजीर बी-५ वर शह, मग घोड्याचे शह, वजीर एफ-१ वर द्यायचा, हत्तीने तो मारायलाच लागतो, आणि घोड्याने मात. राजाला घरच नाही!’ पण पांढऱ्याने वजीर मारला तर काय, हे त्याने पाहिलंच नव्हतं, आणि प्रत्यक्षात बर्नने तेच केलं. हे सांगितल्यावर तो हिरमुसला नाही. पुन्हा पटावर वाकला.

पोटदुखीसाठी ठरलं ते असं. वही सहा महिने कपाटात. फेरीनंतर घरी पहिला प्रश्न निकालाचा नाही, ‘कुठली चाल सर्वांत अवघड गेली?’ हा. शेवटचे वीस लांब वेळेचे डाव स्कोअरशीटवरून (चालींच्या नोंदीच्या कागदावरून) काढायचे, ओपनिंग सोडून पंधराव्या ते चाळिसाव्या चालीपर्यंत बघायचं. आधी इंजिनशिवाय, तेव्हा काय विचार होता ते लिहून. मग इंजिन लावून प्रत्येक मोठ्या चुकीपुढे कारण: समोरच्याची धमकी दिसली नाही, हिशेब अर्ध्यावर सोडला, घड्याळ संपत आलं, की शेवटाचा खेळ माहीत नव्हता.

तीन आठवड्यांनी मुलगा स्वतःच कागद घेऊन आला. एकतीस चुकांपैकी सतरा ‘हिशेब अर्ध्यावर सोडला’ या रकान्यात होत्या. ‘बर्नच्या डावात झालं तेच,’ तो म्हणाला, आणि बाबांनी विचारायच्या आधी पुढच्या स्पर्धेची तारीख सांगितली.