एचआयव्हीचं औषध फुकट आहे, मग आफ्रिकेतल्या खेड्यांत लोक अजून का मरतात?

तुम्ही विचारलंय की एचआयव्हीच्या गोळ्या आफ्रिकेत फुकट मिळतात, आता तर वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शनपण आलंय, मग तिथल्या खेड्यांत लोक अजून का मरतायत आणि खेड्यापर्यंत उपचार "वाढवायचे" म्हणजे नक्की करतात काय. मी आधी सांगली जिल्ह्यात एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देतात त्या केंद्राला, समुपदेशक होते आणि मग एका संस्थेतर्फे दोन वर्षं दक्षिण मलावीत काम केलं, म्हणून मी मलावीचंच सांगते. आफ्रिकेत ५४ देश आहेत, सगळे एका मापाने मोजण्यात अर्थ नाही.

एका शब्दात सांगायचं तर हेलपाटे. गोळी आहे, चांगली आहे, पण ती घ्यायला माणसाला किती वेळा आणि किती लांबून यावं लागतं त्यावर तो टिकणार का मधेच सोडणार ते ठरतं. गेल्या वीस वर्षांत तिकडे जे काही जमलंय ते नीट बघितलं तर बहुतेक ठिकाणी कोणीतरी पेशंटचा एखादा हेलपाटा वाचवलेला दिसतो.

किंमतीचं आधी सांगून टाकते, कारण त्यात आपलापण हात आहे. २००० साली तीन औषधांचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता, म्हणजे खेड्यातल्या बाईसाठी ते औषध नव्हतंच. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने, डॉ. युसुफ हमीद यांनी, तोच कोर्स मेदसां सां फ्राँतियेर ह्या डॉक्टरांच्या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी, आणि तिथून सगळं फिरलं. मलावी सरकारने २००४ ला फुकट एआरटी सुरू केली, भारतातपण त्याच वर्षी १ एप्रिलला सुरू झाली. आज टीएलडी म्हणून जी रोजची एक गोळी देतात ती वर्षाला ४५ डॉलरच्याही खाली आलीय. तिकडे पहिल्या दिवशी औषधांच्या खोलीत बाटल्यांवर हैदराबाद आणि मुंबईच्या कंपन्यांची नावं वाचली तेव्हा मला खरंच भरून आलं होतं.

पण बाटली औषधांच्या खोलीत असणं आणि माणसाच्या घरात असणं ह्यात रस्ता आहे ना.

एक बाई सांगते तुम्हाला. जानेवारीचा महिना, तिकडे तो पावसाचा आणि उपासाचा, मागच्या वर्षीचा मका संपलेला असतो आणि नवा एप्रिलशिवाय येत नाही. ही पहाटे अंधारात घरनं निघालेली, पाठीवर चितेंजेत पोर बांधलेलं (चितेंजे म्हणजे तिकडचं छापील कापड, बाया कमरेला गुंडाळतात आणि त्यातच पोरं पण बांधतात), १८ किलोमीटर चालत, कारण कबाझाला, म्हणजे सायकलवाल्याला द्यायला पैसे नव्हते आणि अर्ध्या रस्त्यावर चिखलामुळे सायकल चालतही नव्हती. खिडकीवरच्या माणसाने तिचं हेल्थ पासपोर्टचं पुस्तक (पेशंटजवळच राहणारी दवाखान्याच्या नोंदींची वही) बघितलं, तारीख उद्याची होती, म्हणाला उद्या ये. कुठलं सेंटर ते नाही लिहीत, तो माणूस वाईट नव्हता, त्याच्यापुढे दीडशे लोकांची रांग होती आणि त्याला नियम तसाच शिकवलेला. ती काही बोलली नाही, व्हरांड्यात बसली, पोराला पाजलं आणि रात्रभर तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी एका महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. एका महिन्याच्या! म्हणजे फेब्रुवारीत परत तेच. निघायच्या आधी तिने बाटलीतल्या गोळ्या काढून कापडाच्या कोपऱ्यात गाठ मारून बांधल्या आणि बाटली टाकून दिली. मी विचारलं का, तर म्हणाली बाटली खुळखुळते, रस्त्याने सगळ्यांना कळतं. सांगलीतपण बाया बाटलीवरचं लेबल खरवडून काढायच्या, त्यामुळे मला ते पुढे समजावून सांगावं लागलं नाही.

आता ह्यात बदललं काय ते सांगते.

सगळ्यात धाडसी गोष्ट मलावी सरकारने २०११ ला केली. तोपर्यंत जगभर असं होतं की गरोदर बाईची टेस्ट पॉझिटिव्ह आली की आधी सीडीफोर नावाची रक्ताची तपासणी करायची आणि त्या आकड्यावरून ठरवायचं की कायमच्या गोळ्या द्यायच्या का फक्त बाळंतपणापुरत्या. ही तपासणी करायचं मशीन खेड्यात नव्हतंच, रक्त जिल्ह्याला जायचं, रिपोर्ट कधी यायचा कधी नाही, आणि बाईला सारखं "रिपोर्ट आला का" म्हणून यायला लागायचं, मधेच बाळंत होऊन जायची. मलावीने ठरवलं की ती तपासणीची अटच काढून टाकायची, पॉझिटिव्ह गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई दिसली की त्याच दिवशी गोळी सुरू आणि ती जन्मभर. ह्याला ऑप्शन बी प्लस म्हणतात. परिणाम असा की २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत अशा १,२५७ बायकांना गोळ्या सुरू झाल्या होत्या, २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत १०,६६३ जणींना. हा एका गरीब देशाने स्वतःची अडचण बघून काढलेला मार्ग आहे, कोणी बाहेरून शिकवलेला नाही, आणि २०१३ ला जागतिक आरोग्य संघटनेने तोच उचलला. मला ह्या गोष्टीचा फार आदर वाटतो.

पण त्याची दुसरी बाजूपण सांगायला पाहिजे. ज्या बायकांना अशी त्याच दिवशी गोळी दिली त्यातल्या बऱ्याच जणी पहिल्या बाटलीनंतर परत आल्याच नाहीत, स्वतःच्या आजारपणामुळे गोळी सुरू केलेल्यांच्या मानाने हे प्रमाण पाचपट होतं. समुपदेशक म्हणून मला ते कळतं. सकाळी पोटातलं बाळ दाखवायला म्हणून आलेली बाई, दुपारी हातात जन्मभराचं औषध घेऊन घरी जाते, नवऱ्याला काय सांगायचं ते तिचं तिलाच ठरलेलं नसतं. तिथे मग उपयोगी पडल्या त्या एक्सपर्ट क्लायंट, म्हणजे स्वतः पॉझिटिव्ह असलेल्या, गोळी घेऊन धडधाकट असलेल्या, त्याच गावाकडच्या बाया. आमच्या सेंटरला बाकावर एक असायची, तिचं पोर निगेटिव्ह होतं, शाळेत जात होतं, आणि नवीन बाई आली की ही काही उपदेश न करता आधी स्वतःचं हेल्थ पासपोर्ट उघडून तिच्या मांडीवर ठेवायची. मी दोन तास बोलून जे होत नसे ते त्या पुस्तकाने व्हायचं.

दुसरी गोष्ट आली शेजारच्या मोझांबिकमधनं. तेते प्रांतात २००८ ला सुरू झालं, सहा जणांपर्यंतचा गट करायचा, दर महिन्याला त्यातला एकच जण दवाखान्यात जाणार, स्वतःची तपासणी करून घेणार आणि सगळ्यांच्या गोळ्या घेऊन येणार, म्हणजे प्रत्येकाला सहा महिन्यांतनं एकदाच चालावं लागतं. आपला बचत गट असतो ना तसंच आहे, पैशाऐवजी पाळी फिरते. पहिल्या सव्वादोन वर्षांत २९१ गट झाले आणि त्यातले ९७ टक्क्यांहून जास्त लोक उपचारात टिकून होते, कोणीच पत्ता न लागता गायब झालं असं जवळजवळ नाहीच. दक्षिण मलावीत असा गट मी आंब्याखाली बसलेला बघितलाय, सहा पुस्तकं एका कापडात बांधलेली, ज्याची पाळी त्याच्या हातात ते गाठोडं, आणि निघायच्या आधी प्रत्येकाच्या उरलेल्या गोळ्या सगळ्यांसमोर मोजायच्या. एकाच्या चार जास्त उरल्या होत्या म्हणजे चार दिवस चुकले, तर गटातली म्हातारी आगोगो, म्हणजे आजी, त्याला इतकी बोलली की मी दुभाष्याला म्हटलं राहूदे, भाषांतर नको. नंतर मग तीन महिन्यांच्या आणि कोविडच्या वेळेपासून सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला लागले, त्यामुळे बऱ्याच जणांना गटाचीही गरज उरली नाही.

ह्या सगळ्याचं फळ काय तर २०२०-२१ च्या सर्व्हेत मलावीतल्या एचआयव्ही असलेल्या मोठ्या माणसांपैकी साधारण ८८ टक्क्यांना आपल्याला आहे हे माहीत होतं, माहीत असलेल्यांतले जवळजवळ ९८ टक्के गोळ्या घेत होते आणि घेणाऱ्यांपैकी ९७ टक्क्यांचा व्हायरस दबलेला होता. आणि व्हायरस इतका दबला की रक्तात सापडत नाही म्हणजे जोडीदाराला लागण होत नाही, त्यामुळे उपचार हाच सगळ्यात मोठा बचाव आहे. खेड्यात हे नीट सांगितलं तर नवरा-बायको दोघंही गोळी सोडत नाहीत, हे मी बघितलंय.

पहिला आकडा परत बघा, ८८. गळती आहे ती तिथे, आणि ती मुख्यतः पुरुषांची. बाई गरोदरपणात दवाखान्यात येतेच, पुरुष येत नाही, तो शेतात नाहीतर तळ्यावर मासेमारीला नाहीतर कामासाठी दक्षिण आफ्रिकेत, आणि जेव्हा येतो तेव्हा टीबी होऊन हाडं दिसायला लागलेली असतात. त्याच्यासाठी टेस्ट घरी पाठवायला लागले, हिरड्यांवरून फिरवायची काडी, वीस मिनिटांत कळतं, गरोदर बायको दवाखान्यातनं घेऊन जाते. काही घरांत त्यावरून भांडणं होतात म्हणून देण्याआधी बाईला विचारावं लागतं की तुला भीती तर नाही ना, हा प्रश्न घाईत राहून जातो आणि राहून जाता कामा नये. सुंता केल्याने पुरुषाला बाईकडून होणारी लागण साधारण ६० टक्क्यांनी कमी होते, त्याचे कॅम्पपण असतात.

आणि पोरं. आईकडून लागण झालेलं बाळ औषधाशिवाय राहिलं तर दोनांतलं एक दोन वर्षांचं व्हायच्या आधी जातं, म्हणून त्याची टेस्ट सहा आठवड्यांत झाली पाहिजे. टाचेतनं रक्ताचे थेंब कागदावर घेऊन वाळवून मोटरसायकलने लॅबला जायचे, आणि रिपोर्ट यायला इतके दिवस लागायचे की एकदा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही आईला बोलवायला माणूस पाठवला आणि तो परत येऊन नुसता उभा राहिला. त्याच्यावर मला अजून लिहिता येत नाही.

आता तुमच्या इंजेक्शनबद्दल. लेनाकापाविर त्याचं नाव, आणि इथे मी बोलतेय ते ज्यांना एचआयव्ही नाही त्यांना लागण होऊ नये म्हणून देतात त्याबद्दल. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात तरुण मुलींवर चाचणी झाली, २,१३४ जणींना इंजेक्शन दिलं आणि एकीलाही लागण झाली नाही, २०२४ ला हा निकाल आला तेव्हा आमच्या जुन्या ग्रुपवर लोक अक्षरशः रडत होते. २०२५ च्या नोव्हेंबरात पहिले डोस एस्वातिनी आणि झांबियात पोचले, आणि डॉ. रेड्डीज आणि हेटेरो ह्या हैदराबादच्या कंपन्या २०२७ पासून ते वर्षाला ४० डॉलरला देणार आहेत. वर्षाला फक्त दोन हेलपाटे, आणि घरात लपवायला काहीच नाही, खुळखुळणारी बाटली नाही. खेड्यातल्या पोरीसाठी ह्याच्यापेक्षा चांगलं काय असणार.

फक्त प्रत्येक इंजेक्शनच्या आधी एचआयव्हीची टेस्ट करावी लागते, आणि ती करणारं माणूस लागतं. मलावीत गोळ्या बहुतेक ग्लोबल फंडाच्या, म्हणजे एड्स, टीबी आणि मलेरियासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशातनं येतात पण टेस्ट करणारे सहाय्यक, बाकावरच्या एक्सपर्ट क्लायंट, न आलेल्या पेशंटच्या घरी सायकलने जाणारे, ह्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा पगार अमेरिकेच्या पेपफार योजनेतनं यायचा, जी २००३ पासून चालू होती. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि थोड्याच दिवसांत ह्या लोकांना कामावर येऊ नका म्हणून निरोप गेले. नंतर काही कामं परत सुरू झाली, सगळी नाही. आमच्या सेंटरची टेस्ट करणारी मुलगी आता बाजारात टोमॅटो विकते. मी तिच्याशी बोलले तेव्हा तिने पहिलं हेच विचारलं की सहा आठवड्यांच्या बाळांचं रक्त आता कोण घेतंय.