गाडी सर्व्हिसिंगचं ऑइल विहिरीत : दाद कुठे मागायची, पुरावा कसा धरायचा?

प्रश्न : उचगाव हद्दीत महामार्गालगत आमची विहीर आहे. साठ-सत्तर फुटांवर गाड्यांचं सर्व्हिस सेंटर आहे. डिसेंबरच्या दहा तारखेच्या सुमारास पाण्यावर तेलकट तवंग दिसला, आता वासही मारतो. सेंटरवाला म्हणतो, ‘तुमच्याच पंपाच्या मोटारीचं ऑइल गळतंय.’ मे संपत आला. कोल्हापुरात आता हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, तर थेट हायकोर्टात जावं का?

उत्तर : हायकोर्टाआधी वाट आहे ती राष्ट्रीय हरित लवादाची, म्हणजे पर्यावरणाचे वाद चालवणाऱ्या खास न्यायाधिकरणाची. त्यासाठी आधी कॅलेंडर बघा. राष्ट्रीय हरित लवाद कायदा, 2010 च्या कलम 14 खाली अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे आणि ती कारण ‘प्रथम’ घडल्यापासून मोजतात. म्हणजे 10 जूनच्या आसपास तुमची मुदत संपते. पुढे 60 दिवसांची सवलत मिळू शकते, पण उशिराचं सबळ कारण दाखवावं लागतं. ‘घाण रोजच येतेय, मग मुदतही रोज नव्यानं सुरू होते’ या युक्तिवादावर विसंबू नका. तारीख पुढे ढकलून लिहायचा मोहही नको. डिसेंबरात सेंटरवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला असेल तर तो समोर येणारच. भरपाई आणि विहीर पूर्ववत करून मागायला मात्र कलम 15 प्रमाणे पाच वर्षं आहेत. लवादाचं आपलं खंडपीठ पुण्यात आहे. फी 1000 रुपये. भरपाई मागितली तर रकमेच्या 1 टक्का, पण किमान 1000.

सर्किट बेंचपुढे रिट करता येतं, पण तेल कुणाचं हाच वाद असताना ‘लवादाकडे का गेला नाहीत?’ हा पहिला प्रश्न येईल. दिवाणी दाव्याची वाट तर लवाद कायद्याच्याच कलम 29 नं जवळजवळ बंदच केली आहे.

आता त्या मोटारीच्या बचावाकडे वळू. मोटर साक्षीदारांसमोर वर काढा, फोटो घ्या, बिल शोधा. सबमर्सिबल पाणी भरलेल्या प्रकारची निघाली तर त्यात गळायला तेलच नसतं. तवंगावरून काठी फिरवून बघा. फुटून तुकडे तसेच राहिले तर तो बहुधा लोखंडी जिवाणूंचा थर असतो. पुन्हा मिटून एक झाला तर तेल.

नमुने घेईपर्यंत विहीर उपसू नका, आणि वळीव जोरात लागण्याआधी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेकडूनच बाटल्या मागवा. तेल-ग्रीससाठी लिटरभर काचेची बाटली लागते. ती नमुन्याच्या पाण्यानं विसळायची नाही आणि प्लॅस्टिकही चालत नाही, कारण तेल भिंतीला चिकटतं आणि आकडा कमी येतो. पेट्रोलमधल्या बेंझिनसाठी 40 मिलीची कुपी बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरून बर्फात ठेवायची. शिसं प्लॅस्टिकच्या बाटलीत, नायट्रिक अ‍ॅसिड घालून. आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात खनिज तेल लिटरला 0.5 मिलिग्रॅम आणि शिसं 0.01 मिलिग्रॅमपर्यंत चालतं.

डिटर्जंटची तपासणी मात्र विसरू नका, मर्यादा 0.2 मिलिग्रॅम. पंपाच्या मोटरमधून शॅम्पू गळत नाही, गाड्या धुण्याच्या रॅम्पवरून गळतो! मात्र तुम्ही विहिरीवर कपडे धूत असाल तर सेंटरवाला तेही काढेल, म्हणून ते आजपासून बंद करा.

अंतर जवळ म्हणजे पुरावा झाला असं नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फटींतून वाट काढतं. सेंटरच्या पलीकडच्या विहिरीचाही नमुना घ्या आणि निदान तीन विहिरींची पाणीपातळी एकाच दिवशी, एकाच उंचीच्या खुणेवरून मोजून उतार कुठे आहे ते काढा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला त्यासाठी लेखी विनंती करा.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात तक्रार आजच द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या. जलप्रदूषण कायदा, 1974 चं कलम 24 (विहिरीत घाण सोडायला बंदी) आणि 25 (सांडपाणी सोडायला मंडळाची संमती) नमूद करा. सांडपाण्याचा नमुना कलम 21 प्रमाणे घ्यायला सांगा : सेंटरवाल्याला जागेवरच नोटीस, दोन भाग, सील, सह्या. यातली एक पायरी चुकली की तो नमुना पुराव्यातून बाद होऊ शकतो. मंडळाच्या अधिकाऱ्यांना विहिरीत उतरवण्यापेक्षा रॅम्पचं तोंड, शोषखड्डा आणि ऑइलचे बॅरल दाखवा.

सोबत माहिती अधिकारात सेंटरवाल्याला मंडळानं दिलेलं संमतीपत्र, घातक कचऱ्याचं नमुना 4 मधलं वार्षिक विवरण आणि जळकं ऑइल नेल्याचे नमुना 10 चे कागद मागा. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार ते ऑइल साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. हिशेब सोपा आहे : रोज दहा गाड्या, गाडीमागे साडेतीन लिटर, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 910 लिटर, चारेक बॅरल. कागदावर एकच बॅरल गेलं असेल तर उरलेली तीन कुठे गेली, हे त्यानं सांगायचं.

जागा भाड्याची असेल तर जागामालकालाही प्रतिवादी करा. विहिरीची नोंद असलेला सातबारा अर्जाला जोडा, आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात त्याच जागांवरून दुसरा नमुना घ्या. पातळी चढली की फटींत अडकलेलं तेल पुन्हा वर येतं.