डीएच५-अल्फापासून एलपीएस (लिपोपॉलिसॅकराइड, जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातला मेद आणि साखरेचा रेणू) काढलं, जेलच्या सिल्व्हर स्टेनवर (चांदीच्या रंगावर) पट्ट्यांची शिडी दिसत नाही आणि २६० नॅनोमीटरला रीडिंग खूप येतंय. कुठे चुकतंय?

शिडी न दिसण्यात तुमच्या हाताचा दोष नाही, स्ट्रेनचा आहे. डीएच५-अल्फा हा ई. कोलाय जिवाणूच्या के-१२ घराण्यातला. के-१२ मध्ये डब्ल्यूबीबीएल या जीनमध्ये आयएस५ हा जागा बदलणारा डीएनए तुकडा घुसलेला असतो, त्यामुळे ओ-अँटिजेन (साखरेची लांब साखळी, जिच्या कमी-जास्त लांबीमुळे शिडी दिसते) बनतच नाही. उरतो लिपिड ए (मेदाचा भाग) आणि कोअर (त्याला जोडलेली थोडी साखर), म्हणजे जेलच्या तळाशी एकच पट्टा. डायची निळी रेषा जेलबाहेर जाऊ दिलीत तर तोही गेला.

ओ-अँटिजेन हवं असेल तर स्मूथ स्ट्रेन घ्या. ई. कोलायचा एटीसीसी २५९२२ हा स्ट्रेन ओ६ प्रकारचा आहे आणि अँटिबायोटिक चाचणीचा कंट्रोल म्हणून बहुतेक मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये असतोच. लिटरभर कल्चर वाढवण्याआधी हिचकॉक आणि ब्राऊन यांची १९८३ ची छोटी पद्धत करून बघा. दीड मिली कल्चरचा पेलेट ५० मायक्रोलिटर एसडीएस सॅम्पल बफरमध्ये १० मिनिटं उकळायचा, गार झाल्यावर २५ मायक्रोग्रॅम प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) घालून ६० अंशांवर तासभर ठेवायचा आणि १५ टक्के जेलवर चढवायचा. शिडी आहे की नाही ते दुसऱ्या दिवशी कळतं.

स्टेनबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. कूमासी या प्रथिनांच्या निळ्या रंगाने एलपीएस रंगत नाही आणि प्रथिनांसाठीच्या झटपट सिल्व्हर किटनेही बऱ्याचदा दिसत नाही. जेल ४० टक्के इथेनॉल आणि ५ टक्के अॅसेटिक अॅसिडमध्ये रात्रभर फिक्स करा, मग त्याच द्रावणात ०.७ टक्के पिरियॉडिक अॅसिड घालून ५ मिनिटं. त्याने साखरेतल्या शेजारशेजारचे हायड्रॉक्सिल असलेल्या कार्बनमधला बंध तुटून अल्डिहाइड तयार होतात आणि चांदी तिथेच बसते. नंतर पाण्याने तीनदा, दर वेळी १५ मिनिटं धुवा. धुण्यात घाई केली की सगळी पार्श्वभूमी तपकिरी होते.

आता मूळ एक्स्ट्रॅक्शन. ५ ग्रॅम ओला पेलेट २५ मिली पाण्यात, त्यात ६८ अंशांवर तापवलेलं तेवढंच ९० टक्के फिनॉल, १५ मिनिटं जोरात ढवळायचं. साधारण ६६ अंशांच्या वर फिनॉल आणि पाणी एकजीव होतात, म्हणून तापमान खाली घसरू देऊ नका. मग बर्फात गार करून सेंट्रिफ्यूज. वर पाण्याचा थर, मध्ये प्रथिनांचा पांढरा पापुद्रा, खाली फिनॉल. वरचा थर काढताना पापुद्र्याजवळचे शेवटचे दोन मिली सोडून द्या. लोभ केलात की प्रथिनं सोबत आलीच. पॉलिकार्बोनेटच्या नळ्या अजिबात वापरू नका, फिनॉलने त्या तडकतात. काच किंवा टेफ्लॉन घ्या. गुलाबी पडलेलं फिनॉल ऑक्सिडाइज झालेलं असतं, तेही नको. गरम फिनॉल कातडी जाळतं आणि ती जागा बधिर होते, त्यामुळे भाजल्याचं उशिरा कळतं. काम फ्यूम हूडमध्येच करा, जाड ग्लोव्ह्ज घाला आणि कातडीवरचं फिनॉल पुसायला पीईजी ४०० ची बाटली हाताशी ठेवा.

तुमचं २६० चं रीडिंग दोन गोष्टींमुळे येऊ शकतं, त्यामुळे एकच आकडा न घेता २३० ते ३०० असा पूर्ण स्कॅन घ्या. शिखर २७० ला असेल तर फिनॉल उरलंय. वरच्या थराचं डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवणं) आणखी हवं. दिवसातून दोनदा पाणी बदलून दोन-तीन दिवस लागतातच. सुरुवातीचं पाणी फिनॉलच्या कचऱ्यात जाईल, बेसिनमध्ये नाही.

शिखर २६० लाच असेल तर तो आरएनए. पाण्याच्या थरात एलपीएसबरोबर तो भरपूर येतो आणि बहुतेक प्रोटोकॉल याच पायरीला उरकून टाकतात. माझ्या मते खरी शुद्धता इथेच ठरते. क्रमही पाळा: आधी फिनॉल पूर्ण काढा, मगच एन्झाइम, कारण उरलेलं फिनॉल एन्झाइम निकामी करतं. मॅग्नेशियम क्लोराइड घालून आरएनेज आणि डीएनेज (आरएनए आणि डीएनए तोडणारी एन्झाइम) ३७ अंशांवर, त्यानंतर प्रोटिनेज के. मग १,००,००० जी वर ४ तास अल्ट्रासेंट्रिफ्यूज. एलपीएसचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात म्हणून खाली बसतात, तुटलेला आरएनए वरच राहतो. पेलेट पांढरा नसतो. काचेसारखा पारदर्शक, भिजलेल्या सब्जासारखा असतो. तो न दिसल्याने फेकून देणारे बरेच आहेत, तेव्हा नळीच्या बाहेर आधीच मार्करने खूण करा. पाण्यात विरघळवून हेच आणखी एक-दोनदा करा.

५ ग्रॅमला १० ते ३० मिलिग्रॅम मिळालं तर उत्तम. लायोफिलाइज केल्यावर (गोठवून वाळवल्यावर) पावडर उडू देऊ नका. हे एंडोटॉक्सिन आहे आणि श्वासातून गेलं तर ताप येतो.